क्रीडामंत्री साहेब, मेडलच्या आधी पाणी आणि संडास बघा

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतो. बक्षिसाची रक्कम वाढवा म्हणून हे पत्र नाहीये, त्यासाठी लिहिणारे भरपूर आहेत. मला बोलायचंय ते घाम, पाणी आणि संडास यावर. हसू नका.

मानेच्या मणक्याला मार लागलेल्या खेळाडूला इजेच्या खाली घाम जवळजवळ येतच नाही, कारण मेंदूचा निरोप मणक्यातूनच खाली जातो आणि ती वायर तुटलेली असते. बाकीचे खेळाडू घामाने गार होतात, हा आतल्या आत तापत राहतो, अंग कोरडं असल्यामुळे बघणाऱ्याला वाटतं मजेत आहे. आणि आपल्याकडे स्पर्धा कुठे तर भर मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, त्यात उद्घाटनाचे पाहुणे उशिरा म्हणून सगळे उन्हात थांबून (तुम्हाला म्हणत नाही, सगळेच करतात). स्प्रेची बाटली, ओले टॉवेल, पंखे एवढ्यानेही फरक पडतो हो.

दुसरं म्हणजे हार्टरेट. कोच 220 वजा वय करून टार्गेट देतो. मानेची इजा असली की हृदयाला पळवणाऱ्या नसाच मेंदूपासून तुटलेल्या असतात, त्यामुळे ठोके कितीही जोर लावला तरी साधारण 110 ते 130 च्या पुढे जात नाहीत, मग कोच म्हणणार हा आळशी आहे, मन लावून पळवत नाही खुर्ची.

आता संडास. एका जिल्ह्याच्या मैदानावर संडासाचं दार इतकं अरुंद की साधी खुर्ची आत जाईना, आणि बास्केटबॉलची खुर्ची तर चाकं खालून फाकलेली म्हणून अजूनच रुंद. मग पोरं काय करतात, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. घाम नाही, वर पाणी पण नाही! आणि जो पितो त्याचं ब्लॅडर, म्हणजे लघवीची पिशवी, तुंबतं. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल तर तुंबलेल्या ब्लॅडरने बीपी एकदम भडकतं, डोकं फुटायला येतं, झटके किंवा ब्रेन हॅमरेजपर्यंत जाऊ शकतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. अशा वेळी आधी माणसाला ताठ बसवायचं, पट्टे सैल करायचे, लघवी मोकळी करायची. आमच्या मैदानावरच्या डॉक्टरने डोकेदुखीची गोळी दिली. त्याचा तरी काय दोष, कुणी सांगितलंच नव्हतं.

जगात काही खेळाडू मुद्दाम ब्लॅडर भरून बीपी चढवतात, जोर वाढतो म्हणून, त्याला बूस्टिंग म्हणतात आणि आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीची त्यावर बंदी आहे. आमच्याकडे खराब संडासामुळे हे फुकटात होतंय.

1965 च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकर सरांनी 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात गोल्ड आणलं, त्यांचा फोटो आपण प्रत्येक कार्यक्रमात लावतो, लावायलाच पाहिजे. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 30 मध्ये खेळाच्या सोयी आमच्यासाठी बदलायची जबाबदारी सरकारवर टाकलीय, तिचं काय?

एक जीआर काढा. आमच्या मॅच सकाळी किंवा संध्याकाळी, मैदानावर बीपी मशीन आणि हे सगळं शिकवलेला डॉक्टर, आणि खुर्ची आत वळेल असा संडास नसेल तर त्या मैदानाला स्पर्धाच नाही. आणि दाराचं माप घ्यायला इंजिनियर पाठवाल तेव्हा आमच्यातला एक जण बरोबर घ्या, खेळायच्या खुर्चीसकट.

आपला,
एक व्हीलचेअर खेळाडू