साखर पेठेतल्या अक्कांना, दुबईहून

प्रिय अक्का,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार ऐकून घेत नाही. "राहू दे की, त्यात काय एवढं," म्हणता आणि लगेच बाबांच्या गोळ्यांवर येता. म्हणून लिहून पाठवतेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं पाठवतेय. माझ्या दुबईच्या व्हिसाच्या वेळी तुम्ही माझ्यासाठी नेमकं काय केलंत, हे सोलापूर सोडून बाहेर धंदा मांडलेल्या माझ्यासारख्या सगळ्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

माझा व्हिसा गुंतवणूकदाराचा. नोकरीवर आलेल्या माणसाचे कागद त्याची कंपनी फिरवते. माझ्या बाबतीत कंपनी म्हणजे मीच. परवाना माझ्या नावावर, दुकान-गोदामाचा भाडेकरार माझ्या सहीचा, बँकेतही माझीच सही. २०२१ मध्ये इथल्या कायद्यातली स्थानिक भागीदाराची अट बहुतेक धंद्यांना लागू राहिली नाही, म्हणून तर मला एकटीच्या नावावर एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढता आली. पण एकटीच्या नावावर म्हणजे प्रत्येक कागद माझ्याचपाशी येऊन थांबतो. व्हिसा दोन वर्षांचा, आणि नवऱ्याचा नि मुलीचा व्हिसा माझ्या व्हिसावर. माझा गेला की घरातले तिन्ही व्हिसे गेले. मुलीची शाळाही त्यातच आली.

धंदा तुम्हाला माहीतच आहे. आपल्या पूर्व भागातल्या मागांवर विणलेले टॉवेल आणि चादरी मी इथल्या हॉटेलांना आणि देरा बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्यांना देते. मे २०२२ मध्ये भारत आणि अमिरातीचा व्यापार करार लागू झाला, आपल्या कापडावरचं पाच टक्के आयात शुल्क गेलं, आणि सोलापूरचा माल इथे दुसऱ्यांच्या भावाला टेकू लागला. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. अभिमानाने सांगते. बाबांनी आयुष्यभर साच्यावर उभं राहून जे विणलं, तेच मी विकते आहे.

त्याच बाबांची बायपास ठरली आणि मी सोलापूरला आले. एकुलती एक मुलगी, आई नाही. मी येणार नाही तर कोण येणार. यायचं तेव्हा व्हिसाला अजून वेळ होता. पण शस्त्रक्रियेनंतर जखमेत जंतुसंसर्ग झाला, डिस्चार्ज पुढे पुढे जात राहिला, आणि इकडे तारखा जवळ येऊ लागल्या. भाडेकरार संपत आलेला, त्यामागोमाग परवाना, त्यामागोमाग व्हिसा. मी भारतात असताना व्हिसाची मुदत संपली असती तर नूतनीकरणाचा विषयच संपला असता. पुन्हा पहिल्यापासून, प्रवेश परवान्यापासून सुरुवात.

ज्या एजंटाकडे मी आधी गेले होते त्याने एका वाक्यात उपाय सांगितला होता: दुबईत तुमच्या वतीने सह्या करायला नवऱ्याच्या नावे मुखत्यारपत्र करा, उद्याच करा, बाकी आम्ही बघतो. मसुदाही तयार होता त्याच्याकडे, छापील. तो घेऊनच मी तुमच्या दारात आले होते, कारण कोर्टाजवळच्या वकिलांच्या ऑफिसात इतकी वर्षं टायपिंग केलेल्या तुमच्या नजरेखालून तो जावा असं बाबांनीच सांगितलं होतं.

तुम्ही मसुदा हातातही घेतला नाहीत. "आधी पासपोर्ट बघू दे," म्हणालात.

त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते माझ्या डोळ्यांसमोर अजून जसंच्या तसं आहे. चष्मा पुसलात. स्टीलची पट्टी पासपोर्टच्या पानावर आडवी ठेवलीत आणि एकेक ओळ उघडी करत, एकेक अक्षर सुटं वाचत खाली आलात. मुदत संपण्याच्या तारखेवर पट्टी थांबली. पासपोर्टला सहा महिन्यांहून कमी राहिले होते. निवासी व्हिसाच्या नूतनीकरणाला पासपोर्ट किमान सहा महिन्यांचा शिल्लक लागतो, म्हणजे तो नवा करणं आलंच. आणि नव्या पासपोर्टचा नंबर नवा. "मग आज हे मुखत्यारपत्र जुन्या नंबरावर करून तू मुंबईभर फिरवून आणणार, आणि तिकडं पोचेस्तोवर तुझा नंबरच बदललेला असणार. कशाला करतीस असलं?" असं तुम्ही विचारलंत. एजंटाने हे विचारलं नव्हतं. मोठं ऑफिस होतं त्याचं, भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे लावलेले.

अक्का, इतक्या साध्या क्रमावर सगळं उभं होतं. आधी पासपोर्ट, मग मुखत्यारपत्र. उलट झालं असतं तर पैसे तर गेलेच असते, पण त्याहून वाईट म्हणजे आठवडे गेले असते, आणि माझ्याकडे आठवडेच नव्हते.

तत्काळमध्ये अर्ज करायला तुम्हीच लावलंत. "जादा दोन हजार जातील, जाऊ देत." पुण्याला जाताना गाडीत बसेपर्यंत फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होतात: नावाला हात लावू नकोस. लग्नानंतरचं आडनाव घालून घ्या, आता सोपं झालंय, असं मला दोघातिघांनी सुचवलं होतं. तुमचं म्हणणं, दुबईतला परवाना, कंपनीचं मेमोरँडम, भाडेकरार, बँक, मुलीच्या व्हिसाचे कागद, सगळं जुन्या नावावर उभं आहे. नाव बदलायचंच असेल तर सावकाशीने बदल, असल्या घाईत नाही. बायकांच्या कागदांत हा घोळ किती होतो ते तुम्ही जन्मभर पाहिलं आहे. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, आणि मग दोन्ही बाई एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र. ते शेकड्यांनी टाइप केलेला माणूस मला सांगत होता, म्हणून मी ऐकलं.

नवा पासपोर्ट हातात आल्यावर तुम्ही मुखत्यारपत्राचा मसुदा घेतलात, आणि तिथे दुसरी गोष्ट निघाली. तो छापील मसुदा सर्वाधिकाराचा होता. कंपनी विकण्याचा, हिस्सा दुसऱ्याच्या नावे करण्याचा, खात्यातून पैसे काढण्याचा, सगळा अधिकार त्यात होता. मी म्हटलं, अक्का, नवराच आहे माझा. तुम्ही वर न बघता म्हणालात, "नवरा आहे म्हणूनच. कागद कागदासारखा करायचा, म्हणजे माणसावर उद्या कुणी बोट दाखवत नाही." आणि तुम्ही तो मसुदा बाजूला ठेवून नवा बनवलात. भाडेकरारावर सही करणे. त्याची इजारी, म्हणजे दुबईतली भाडेकराराची सरकारी नोंदणी, करणे. व्यापार परवान्याचं नूतनीकरण करणे. कंपनीचं इमिग्रेशन कार्ड, म्हणजे कंपनीला व्हिसा काढायला लागणारं कार्ड, नवं करणे. एवढीच कामं, प्रत्येक काम नाव घेऊन, आणि मुदत एक वर्ष. दुबईत तो कागद अरबीत उतरवताना कायदेशीर भाषांतरकाराला एकाही वाक्यात अडखळायला झालं नाही. मुद्देसूद आहे, असं तो म्हणाला. ही शाबासकी तुमची आहे, ती मी पोचवते आहे.

टाइप झाल्यावर पुन्हा पट्टी. माझ्या नावातला एक एच गळला होता. तुम्ही पान काढून पुन्हा पहिल्यापासून छापलंत. मी म्हणत होते पेनाने घालू या, नोटरी सही करेल शेजारी. नाही म्हणजे नाही.

त्यापुढचा प्रवास ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते, कारण मला तो तुमच्याकडूनच कळला. अपोस्टिल म्हणजे एका शिक्क्यावर कागद दुसऱ्या देशात चालवून घेण्याचा आंतरराष्ट्रीय करार; अमिराती त्यात नाही, त्यामुळे भारतात अपोस्टिलचा शिक्का घेऊन तिकडे भागत नाही. आधी सोलापुरात नोटरी. मग राज्य शासनाचं साक्षांकन. मग विदेश मंत्रालयाचं. मग मुंबईतल्या अमिरातीच्या वाणिज्य दूतावासाचं. एवढं झाल्यावर कागद दुबईला, तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि शेवटी अरबी भाषांतर. यातली एकही पायरी गाळून पुढची होत नाही. तुम्ही मला प्रत्येक पायरीसाठी किती दिवस धरायचे ते एका वहीच्या कागदावर लिहून दिलंत, आणि सगळ्यांत शेवटी, उलट मोजत, मी सोलापूर कधी सोडायचं ती तारीख लिहिलीत. ती वाचून मी रडले होते. बाबा अजून दवाखान्यात होते.

इथपर्यंत तुम्ही जे केलंत त्याला कदाचित जाणकारी म्हणता येईल. पण मी मुंबईला कागद घेऊन गेले तेव्हा बाबांजवळ कोण होतं? मी सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघायची, आणि सकाळी तुम्ही दवाखान्यात हजर. घरची कडक भाकरी दुधात कुस्करून, मीठ न घालता, कारण डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं होतं. बाबा मागावर पद्मशाली कारागिरांबरोबर वाढलेले, तेलुगू त्यांना मराठीइतकी येते, पण आई गेल्यापासून घरात तेलुगू बोलायला कुणी नव्हतं. तुम्ही त्यांच्याशी तेलुगूत बोलत बसायचा. नर्सने मला सांगितलं, आजोबा तुमच्यासमोर जेवत नाहीत एवढं त्या बाईंसमोर जेवतात. मला वाईट नाही वाटलं हो. मला त्या एका वाक्यावर निर्धास्त होऊन विमानात बसता आलं.

जाताना मी पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही टायपिंगचे आणि कागदाचे पैसे मोजून घेतलेत, बाकीचे परत दिलेत. पैशाचा विषय मी पुन्हा काढणार नाही. पण त्या एजंटाने नुसत्या चुकीच्या सल्ल्याचे किती मागितले होते हे मला माहीत आहे, आणि तुम्ही काय दिलंत तेही.

दुबईत उतरल्यावरचं फार सांगण्यासारखं नाही, कारण सगळं सरळ झालं. तुमच्या मुखत्यारपत्रावर नवऱ्याने इजारी आणि परवाना मी यायच्या आतच करून ठेवला होता, इमिग्रेशन कार्डही. माझ्या देहाशिवाय न होणारी कामं तेवढी उरली होती: रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, एमिरेट्स आयडी या इथल्या ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे. आरोग्य विमा आधीच घेतलेला होता. जुना पासपोर्ट मी तुमच्या सांगण्याप्रमाणे नव्याबरोबर जपून आणला होता, आणि विमानतळावर दोन्ही मागितले गेले. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या इथल्या टायपिंग सेंटरमधल्या मुलाने फाइल उघडली तर पानं तुम्ही लावून दिलेल्या क्रमानेच होती, एकही मागेपुढे करावं लागलं नाही.

तुम्ही फोनवर विचारलंत, शिक्का मारला का पासपोर्टवर? तर अक्का, २०२२ पासून इथे पासपोर्टवर व्हिसाचा कागद चिकटवत नाहीत. ते एमिरेट्स आयडीचं कार्ड हाच आता पुरावा. तुम्हाला त्याने समाधान झालं नाही हे मला आवाजावरून कळलं. कार्डाचा फोटो पाठवला तेव्हा तुम्ही परत फोन केलात, आणि माझं नाव कार्डावर आहे तसं मला एकेक अक्षर वाचायला लावलंत. एच होता.

मुलीचा आणि नवऱ्याचा व्हिसाही माझ्यामागोमाग झाला. मुलीची शाळा चुकली नाही. बाबा आता सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालतात, शेजारचा मुलगा बरोबर असतो, हे तुम्हीच त्याला लावून दिलंत हेही मला कळलंय.

एक काम सांगायचं राहिलं. इथे सोलापूर-पंढरपूरकडची दोन कुटुंबं आहेत, एकाचं मसाल्याचं दुकान, एकाची वर्कशॉप. दोघांच्याही व्हिसाची वेळ येते आहे, आणि दोघांचेही आईवडील गावी आहेत. त्यांना मी तुमचा पत्ता दिला आहे. पासपोर्टची तारीख आधी बघून मगच फोन करा, असं बजावून ठेवलंय. ते आले की कृपा करून त्यांच्याकडून फी पूर्ण घ्या, टायपिंगची नाही, डोक्याची. आणि पुढच्या खेपेला मी येईन ती गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, बाबांना आणि तुम्हाला दोघांनाही घेऊन जाईन. नाही म्हणायचं नाही.

तुमची,
बाबांची लेक