डॉक्टर मॅडम, मास्क खाली घेतल्याबद्दल

डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

पहिल्या दिवशी तुमच्याकडून निघताना मी घाईघाईत ‘थँक्यू’ म्हणालो आणि रिक्षा गाठली. टिळक रोडपासून धायरी येईपर्यंत आई गप्प होती. फाट्यावर उतरताना म्हणाली, “बाई चांगली आहे. माझ्याशी बोलली.” तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

आई ७६ वर्षांची. कानात मशीन आहे, पण तिचा खरा भरवसा समोरच्याच्या ओठांवर. करोनात सगळ्यांनी तोंडं झाकली तेव्हा तिच्यापुरतं सगळं जग मुकं झालं होतं. नंतर जगानं मास्क काढले, दातांच्या दवाखान्यात ते राहिले. राहायलाच हवेत, तक्रार त्याबद्दल नाही.

तुमच्याआधी दोन दवाखाने झाले. नावं लिहीत नाही. पहिला चकचकीत, भिंतीवर हसऱ्या दातांची पोस्टर्स. डावीकडची खालची मागची दाढ ठणकत होती. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून आधी ते काढून ठेवायला सांगितलं, आणि मग सगळं अगदी व्यवस्थित समजावून सांगितलं. मला. चार रूट कॅनल, चार झिर्कोनियाच्या कॅप, उजवीकडच्या रिकाम्या जागेत एक इम्प्लांट. आकडा लाखाच्या वर, आजच ऍडव्हान्स भरला तर दहा टक्के सूट. दुसरीकडे बरोबर उलटं. “या वयात कशाला खर्च? काढून टाकू. रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद करा.” एकानं सगळं करायला सांगितलं, दुसऱ्यानं काहीच वाचवू नका म्हणून सांगितलं. का, ते दोघांनीही नाही. मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे दोन रुपयांचा वायसर रिजेक्ट करायचा तरी कारण लिहावं लागतं.

मग तुम्ही. तपासून झाल्यावर तुम्ही खुर्ची सरळ केलीत, दिवा बाजूला सारलात, स्टूल ओढून तिच्या पुढ्यात बसलात आणि मास्क हनुवटीखाली घेतलात. “काकू, आता दिसतंय ना मी काय बोलते ते?”

बस, एवढंच. या पत्राचं कारण एवढंच आहे.

आणि तुम्ही ओरडला नाहीत. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी सगळे ओरडतात. मीही. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात आणि तिला आधी कळत होतं तेवढंही कळत नाही, हे इतकी वर्षं एका घरात राहून मला उमगलं नव्हतं. सवयीनं मी तिच्या वतीनं उत्तर द्यायला लागलो तर तुम्ही माझ्याकडे न बघताच हात वर केलात. जरा राग आला होता, खोटं कशाला सांगू?

तुम्ही तिच्या हातात आरसा दिलात. दुखणाऱ्या दाढेच्या वरची जोडीदार दाढ आधीच पडलेली आहे. “काकू, जात्याचा वरचा दगड नसेल तर खालचा एकटा काय दळणार?” आईला चटकन समजलं आणि मला तिच्यामुळे समजलं. म्हणजे त्या लाखाच्या हिशेबात, जी दाढ काही चावतच नाही तिच्यावर कॅप बसणार होती! पुढे तुम्ही तिन्ही वाटा सांगितल्यात. रूट कॅनल करून वाचवता येईल. काढता येईल. तशीच ठेवली तर पू होईल, आणि साखर असलेल्या माणसात तो लवकर आटोक्यात येत नाही. बाकीच्या तीन दातांपैकी एकात साधं सिमेंट, दोघांना नुसती साफसफाई. त्यावर आईनं तिची जुनी शंका काढली, की साफसफाईत दातांवर साचलेला दगड काढला की दात हलायला लागतात. तुम्ही हसला नाहीत. दगडानं आधीच हिरडी आणि हाड खाल्लेलं असतं, दात तेव्हाच सैल झालेला असतो, दगड गेल्यावर फक्त कळतं, असं दोनदा सांगितलंत.

मग विचारलंत, “तंबाखू, मिश्री काही?” पहिल्या दोन्ही ठिकाणी हाच प्रश्न मला विचारला होता आणि मी छातीठोकपणे ‘छे छे’ म्हणालो होतो. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे, आणि म्हणाली, “लावते. सकाळी आणि दुपारी. लग्नाआधीपासून.” आमचं मूळ गाव भोरकडचं, तिथे तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायच्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. पण माझी आई त्यातली, हे मला ४९व्या वर्षी तुमच्या दवाखान्यात समजलं. तुम्ही उपदेश केला नाहीत. पुन्हा मास्क लावलात, गालाची आतली बाजू आणि जिभेखाली नीट पाहिलंत. गालाला एक पांढरट चट्टा निघाला. आत्ता घाबरायचं नाही, पण मिश्री सोडायची आणि त्यावर नजर ठेवायची, म्हणालात. दोन ठिकाणी तोंड उघडलं होतं तिनं, कुणाला दिसला नव्हता. की दिसला आणि त्याचं पॅकेज नसतं म्हणून सांगितला नाही, देव जाणे.

दाढ काढायचं आईनं ठरवलं. मला ती वाचवायची होती. पैसे मी भरणार होतो, त्यामुळे मत माझंच असणार असं मी गृहीत धरलं होतं. तुम्ही तिला दोन दिवस विचार करायला लावलात. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका असं बजावून तिच्या डॉक्टरांना तिथूनच फोन केलात. नंतर काढताना काय झालं ते लिहीत नाही, दहा मिनिटांचं काम होतं.

मंडईत एक भाजीवाल्या मावशी आहेत. गवार निवडायला हात घातला की कधीकधी म्हणतात, “आज राहू दे, जून आहे.” आमची आई पुण्यात आल्यापासून भाजी त्यांच्याकडूनच घेते, आता पाठीवर ओझं झेपत नाही तरी मला तिथेच पाठवते. शिकलेल्या, मोठ्या पाट्या लावलेल्या माणसांना हे एक वाक्य इतकं जड का जातं, कोण जाणे.

मिश्रीची डबी फडताळात तांदळाच्या डब्यामागे होती म्हणे. आता ती देव्हाऱ्याशेजारी उघड्यावर असते. सकाळची सुटली आहे, दुपारची अजून नाही. तुम्हाला खरं सांगायचं असं तिनं बजावलंय, म्हणून लिहिलं.

तीन महिन्यांनी चट्टा दाखवायला येतोय. आत ती एकटी येणार आहे. मी बाहेर बाकावर बसायचं, असा हुकूम आहे.

आपला,
काकूंचा मुलगा