समोरच्या मामांना, शेगडी घरात आली त्याबद्दल

मामा, साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "राहू दे की" म्हणत उठून जाता, म्हणून लिहून टाकते.

ती बिडाची शेगडी म्हणजे माझ्या कडक भाकरीच्या धंद्याचा जीव. ज्वारीची भाकरी मंद आचेवर तासन्‌तास वाळवायची तर तिच्यासारखी धग दुसरी कुठली धरत नाही. वजन दीड क्विंटलच्या खाली नसेल. साखर पेठेतून विडी घरकुलला आणताना "आत बसवून देतो" म्हणून आगाऊ पैसे घेतलेल्या टेम्पोवाल्यानं ती तीन पायऱ्यांखाली उतरवली आणि "दुसरं भाडं लागलंय" म्हणत गेला. दिरांचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. दोन तरणीताठी पोरं आली, एक हिसका मारून बघितला, पाणी प्यायली आणि गेली. मे महिन्यातली सोलापूरची दुपार, आणि घरात मी आणि माझा चौदा वर्षांचा पोरगा.

तुम्ही आलात आणि हात न लावता आधी शेगडीभोवती एक फेरी मारलीत. "बीड वाकत नाही, तडकतं," एवढंच म्हणालात. मग दार, जाळी, वरचा तवा, राख, आतल्या विटा, सगळं बाहेर. पुढचं फळ्या, पाईपचे तुकडे आणि तुमच्या पहारेनं केलं. मिलमध्ये माग असेच सरकवायचात म्हणे. ओट्याच्या खांबाला वेढा दिलेला दोर पोराच्या हातात देऊन म्हणालात, "ओढू नको बे, फक्त ढील देऊ नको." मला शेगडीच्या खालच्या अंगाला उभंच राहू दिलं नाहीत. (आमच्या गावात बे म्हटल्याशिवाय माया कळत नाही, हे बाहेरच्यांना कसं सांगायचं!)

पण मामा, मला अजून आठवतो तो खडू. विटा काढताना पोराच्या दप्तरातनं तुम्ही खडू मागून घेतलात आणि एकेका विटेवर आकडा टाकलात, तोही आगीकडच्या अंगाला नाही, पाठीमागच्या. अकरा विटा. नऊच्या खाली एक रेघ, सहा समजून उलटी बसू नये म्हणून. मिलवाल्यांचे ते इंग्रजी आकडे, वळणदार. मी मनात म्हटलं, एवढं कशाला? संध्याकाळी तुम्ही घरी गेलात आणि मी एकटी विटा रचायला बसले, तेव्हा कळलं कशाला. कुणाला एक शब्द विचारावा लागला नाही. दिवसभर "आता काय करू" हेच तोंडात होतं, त्या अकरा आकड्यांपुढे ते बंद झालं. रेघेवाली वीट हातात आली तेव्हा मात्र रडले, ते पोराला सांगू नका.

मदत करणारे पुष्कळ असतात हो, वजन उचलून मोकळे होतात. आपण निघून गेल्यावर त्या बाईचं काय होणार, हे धरून चालणारं माणूस विरळाच. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या हातातला नीटपणा तसाच आहे.

काल पहिला घाणा निघाला. कडक तुम्हाला चावत नाही म्हणून दोन मऊ वेगळ्या काढल्यात, सोबत शेंगदाण्याची चटणी. कडक आहेत त्या आमटीत चुरा. डबा परत द्यायला येऊ नका, पोरगा येईल.

आणि तुमची पहार अजून आमच्याच दारामागे आहे.