कौतुक करायचंच तर १९७४ नंतरच्या पोर्तुगालचं करा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

डिसेंबर आला, मुक्तिदिन जवळ आला की आमच्याकडे गोव्यात एक बोलणं हमखास सुरू होतं. पोर्तुगीज काळात शिस्त होती, चोऱ्या नव्हत्या, दारं उघडी टाकून लोक झोपायचे वगैरे. आणि हल्ली त्यात पोर्तुगीज पासपोर्टची भर पडलीय. लिस्बनला जन्मनोंदणी करून, तिथलं नागरिकत्व घेऊन गेलेली आपली मुलं तिकडच्या दवाखान्यांचे, शाळांचे फोटो पाठवतात आणि इकडे घरची माणसं म्हणतात, बघा, त्यांचं राज्य असतं तर आपल्याकडेही असंच झालं असतं. मला हे ऐकून राहवत नाही म्हणून हे पत्र.

ज्या पोर्तुगालने आपल्यावर राज्य केलं आणि ज्या पोर्तुगालमध्ये आपली मुलं जातात ते दोन वेगळे देश आहेत असं समजा. १९३२ ला सालाझार पंतप्रधान झाला तो १९६८ पर्यंत खुर्चीवर होता आणि त्याच्या आधीपासून धरलं तर १९२६ ते १९७४ अशी अठ्ठेचाळीस वर्षं तिथे हुकूमशाही होती. नवीन कारखाना काढायचा तर सरकारची परवानगी, आणि धंदे सगळे मेलो, शांपालिमो, एस्पिरितो सांतो अशा मोजक्या घराण्यांच्या हातात. दक्षिणेकडच्या आलेंतेजो भागात शेकडो हेक्टरांच्या जमिनी एकेका मालकाच्या. तिथला शेतमजूर सकाळी गावच्या चौकात उभा राहायचा, मालकाचा मुकादम येऊन बोट दाखवेल त्याला त्या दिवशी काम, बाकीचे परत घरी. हिवाळ्यात तर कित्येक दिवस कामच नाही. १९७० साली त्या देशात चारातला एक माणूस निरक्षर होता आणि जन्मलेल्या हजार बाळांमागे पन्नासहून जास्त बाळं वर्षाच्या आत जायची. लाखो पोर्तुगीज माणसं, त्यातली कितीतरी लपूनछपून डोंगर ओलांडून, फ्रान्सला मजुरीला गेली आणि पॅरिसच्या बाहेर झोपडपट्टीत राहिली. ती शिस्त म्हणतात ना, तिचं हे रूप होतं, आणि तोंड उघडलं तर पिदे नावाची गुप्त पोलीस, जी आमच्या स्वातंत्र्यसैनिकांनाही चांगली माहीत होती.

हे मोडलं ते २५ एप्रिल १९७४ ला. आफ्रिकेतल्या तेरा वर्षांच्या लढाईला कंटाळलेले तरुण कॅप्टन रणगाडे घेऊन लिस्बनमध्ये शिरले, लोक रस्त्यावर आले, सैनिकांच्या बंदुकीत लाल फुलं खोचली. पण मला स्वतःला त्या फुलांपेक्षा पुढची दोन-पाच वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. महिन्याभरात देशात पहिल्यांदा किमान वेतन लागू झालं. बरोबर एका वर्षाने निवडणूक झाली, त्यात शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त लोकांनी मत दिलं आणि सगळ्यात जास्त मतं समाजवादी पक्षाला पडली, कम्युनिस्टांना नाही, म्हणजे लोकांना एक हुकूमशाही काढून दुसरी नको होती. बँका सरकारने घेतल्या, आलेंतेजोत मजुरांनी जमिनी ताब्यात घेतल्या (त्यातल्या पुष्कळ नंतर परत मालकांकडे गेल्या, हेही खरं). १९७६ च्या संविधानात आरोग्य आणि घर हे हक्क म्हणून लिहिले गेले आणि १९७९ ला कायदा करून सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य सेवा उभी केली. देश गरीब होता, नाणेनिधीकडे हात पसरत होता, तेव्हा उभी केली. आज तिथे हजारामागे तीनच्या आसपास बाळं दगावतात. आपल्या मुलांच्या फोटोत दिसतो तो दवाखाना हा आहे.

पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियो कॉस्ता मूळचे गोव्याच्या घराण्यातले म्हणून आपल्याला त्यांचं कौतुक, मडगावच्या आबाद फारिया रस्त्यावर त्यांच्या घराण्याचं घर, २०१७ ला ते तिथे आले तेव्हा आपला बाबुश म्हणून पेपरांनी पानं भरली. त्यांचे वडील सालाझारविरोधी म्हणून तुरुंगात गेले होते हे मात्र फार कुणी सांगितलं नाही. आणि कॉस्तांनी २०१५ ला डाव्यांचा पाठिंबा घेऊन सरकार केलं, कापलेले पगार-पेन्शन परत दिले, ५०५ युरोचं किमान वेतन २०२४ पर्यंत ८२० वर नेलं, हेही नाही. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, घरभाडी आवाक्याबाहेर गेलीत आणि २०२५ च्या निवडणुकीत बाहेरून आलेल्यांविरुद्ध बोलणारा शेगा पक्ष ६० जागा घेऊन दोन नंबरला आला, आपल्या मुलांनीही याची काळजी करावी.

आता आपलं. हे बदलाचं काम आपण त्यांच्याआधी दहा वर्षं सुरू केलं होतं! डिसेंबर १९६३ ला गोव्याच्या पहिल्या निवडणुकीत भाटकार (म्हणजे जमीनमालक) आणि बडी नावं एका बाजूला, कूळ आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे) असा बहुजन दुसऱ्या बाजूला, काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते स्वतः खाणमालक होते, तरी गावोगाव शाळा काढल्या, १९६४ ला कूळ कायदा आणला. पुढे त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना मुंडकार कायदा आणि कसेल त्याची जमीन. लिस्बनला तेव्हा कुठे पहाट होत होती.

मग आपलं अडलं कुठे? मामलेदार कचेरीत. आमच्या वाड्यावर एक म्हाताऱ्या बाई आहेत, सासऱ्यांच्या वेळेपासून त्याच घरात. छप्पर गळतंय पण दुरुस्तीला पंचायत भाटकाराचा ना हरकत दाखला मागते. मुंडकार म्हणून नोंद करायला अर्ज घातला तर भाटकार वारले, मग त्यांचे वारस रेकॉर्डवर आणा, वारस पाच, त्यातले दोन परदेशात, नोटीस परत येते. पुढची तारीख. त्या तारखेला मामलेदार निवडणूक ड्युटीवर. पुढची तारीख. प्लास्टिकच्या पिशवीत एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, जुनी घरपट्टी, वीज बिलं घेऊन त्या बाई बाकावर बसतात. खेड्यातल्या मुंडकाराला घरासकट ३०० चौरस मीटर विकत घेण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय, तो मिळायला आयुष्य जातं. मध्ये २०१४ ला ही प्रकरणं दिवाणी कोर्टात नेली, ओरड झाल्यावर परत मामलेदाराकडे आणली, फाईल इकडून तिकडे फिरली, छप्पर तसंच.

आपल्याकडे योजना आहेत, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) उपचार मिळतात, गृहिणींसाठीच्या गृहआधार योजनेचे पैसे येतात, मी ते नाकारत नाही, माझ्याही घरात त्याचा आधार आहे. पण पैसे आले की कुणाच्या तरी मेहेरबानीने आले असं वाटायला लावतात, आणि जो हक्क कायद्यात लिहिलाय तो मात्र तारखांवर.

म्हणून माझं सरकारला आणि विरोधकांनाही सांगणं आहे. प्रत्येक तालुक्यात फक्त कूळ-मुंडकार प्रकरणं चालवणारा मामलेदार द्या, त्याला दुसरी ड्युटी लावू नका. वारस सापडत नाहीत म्हणून केस थांबवू नका, पेपरात नोटीस द्या आणि पुढे चला. ताबा आणि जुनी घरपट्टी असेल तर छप्पर दुरुस्तीला भाटकाराचा दाखला मागणं बंद करा. आणि किती अर्ज आले, किती निकाली निघाले याचा तालुकावार आकडा दर महिन्याला कचेरीच्या फलकावर लावा, तुमच्या पेपरनेही तो छापावा.

आपला,
एक वाचक, डिचोली