आकडा चाळिशीत लिहून ठेवा, साहेब

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: स्मृतिभ्रंश आणि चाळिशीतली कोलेस्टेरॉल तपासणी

महोदय,

आशाताई घरोघरी जो फॉर्म भरून घेतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? माझ्या सासूबाईंना तो विचारला, तर त्या ठसक्यात म्हणाल्या, "मी कशाला विसरू?" फॉर्मवर 'नाही' झालं. मी मागे उभी राहून मानेनं 'हो, हो' करत होते. आदल्याच आठवड्यात त्यांनी एकाच बाईकडे भिशीचे पैसे दोनदा मागितले होते. बारा जणींचा हिशोब वही न उघडता सांगणारी बाई ही!

मी 22 वर्षं लॅबमध्ये रक्त काढते. त्यामुळे आधी त्यांची जुनी फाइल शोधली. बावन्नाव्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल 268. "तेल कमी करा" एवढ्यावर विषय मिटला. मधली सगळी वर्षं कोरी. मग एकदम सत्तरीत 171, तेही एकही गोळी न घेता. तो कागद पाहून घरात आनंदीआनंद. मीही त्यात होते, लॅबवाली असून.

होनोलुलूमध्ये जपानी वंशाच्या पुरुषांच्या कोलेस्टेरॉलच्या 26 वर्षांतल्या नोंदी तपासल्या गेल्या. 2007 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना पुढे डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश झाला, त्यांचं कोलेस्टेरॉल रोगनिदानाच्या किमान 15 वर्षं आधीपासूनच इतरांपेक्षा जास्त उतरत गेलेलं होतं. आमच्या एका फाइलवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण म्हातारपणी काढलेला एकुलता एक आकडा किती फसवा असू शकतो, ते यातून कळतं. आधीचे आकडे हाताशी असतील, तरच उताराचा अर्थ लागेल. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगानं तर स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 कारणांच्या यादीत मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, पहिल्यांदाच घातलं.

तुम्हाला एखादं महागडं मशीन घ्या म्हणायला हे पत्र नाही. उलट, तसं विकायला कुणी आलं तर सावध राहा. 2014 मध्ये अमेरिकी संशोधकांनी रक्तातल्या 10 स्निग्ध घटकांवरून दोन-तीन वर्षं आधी, 90 टक्क्यांवर अचूकतेनं स्मृतिभ्रंशाचं भाकीत करता येतं असं मांडलं आणि जगभर मथळे झळकले. 2016 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी वेगळ्या लोकांच्या रक्तावर तेच करून पाहिलं, तर जमलं नाही. त्या बातमीला मात्र मथळा मिळाला नाही.

मला हवी आहे ती साधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि रक्तातल्या इतर चरबीची नेहमीची तपासणी. गावातल्या तपासणीत साखर आणि बीपी तिशीपासून बघतात. त्याच फेरीत चाळिशीच्या प्रत्येकाचं लिपिड एकदा काढा, दर काही वर्षांनी पुन्हा काढा, आणि आकडा आभा खात्यावर, म्हणजे ज्याच्या त्याच्या डिजिटल आरोग्य खात्यावर चढवा. रोजानं जाणारी बाई सकाळी उपाशीपोटी येऊन बसली, की तिचा दिवस बुडतो. म्हणून ती येतच नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तपासणीला उपाशी असण्याची गरज नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, फार वाढलेली निघाली, तर पुन्हा उपाशीपोटी बोलवा. अशा रक्ताची ट्यूब मशीनमधून फिरवून काढली, की वरचं सीरम पिवळसर न दिसता ताकासारखं पांढुरकं दिसतं. ते ओळखायला आम्हाला रिपोर्टचीही वाट बघावी लागत नाही.

कोलेस्टेरॉल उतरवलं की स्मृतिभ्रंश टळलाच, असं मी म्हणत नाही. हार्ट अटॅक आणि पक्षाघात कमी होतात हे पक्कं आहे, आणि खर्च वसूल व्हायला तेवढं पुरे. देशात साठीपुढच्या साधारण 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त आणि खेडी शहरांपेक्षा पुढे.

आणि फॉर्ममधला तो प्रश्न. तो ज्याचा त्याला विचारा, जरूर विचारा. पण मग आशाताईंना जरा आत स्वयंपाकघरात पाठवा, आणि तोच प्रश्न सुनेला विचारू द्या.

आपली,
एक लॅब टेक्निशियन,
सातारा जिल्हा