कुमसार कोण करणार? : ओंटारियोच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री, ओंटारियो प्रांत, यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी तिसरीत आहे. दुसरीत असताना, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, तिचा पहिला कुमसार झाला. कुमसार म्हणजे पापनिवेदन. आम्ही वसईचे; आमच्याकडे हा शब्द पोर्तुगीज काळापासून रुळलेला आहे. इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनच्या कॅथलिक शाळेत त्याला ‘रिकन्सिलिएशन’ म्हणतात. तयारी शाळेनेच करून घेतली. आधी आठवायचं, काय केलं. मग मनापासून वाईट वाटलं पाहिजे. मग फादरसमोर तोंडाने सांगायचं, आणि ते देतील ते प्रायश्चित्त करायचं. तिच्या नावावर त्या महिन्यात एकच मोठं पाप होतं, भावाची आगगाडी. घरी तालीम करताना ती म्हणाली, “गाडी तुटली.” मी म्हटलं, “तुटली नाही बाळा. ‘मी तोडली’ म्हण.” माझी आजी मला हेच सांगायची, आणि मी ‘तोडली’ म्हणेपर्यंत जेवायला वाढायची नाही.

मग सप्टेंबर आला. ३० तारखेला गणवेशाऐवजी नारिंगी टी-शर्ट घालून मुलं शाळेत गेली. परतताना गाडीत मागच्या सीटवरून प्रश्न आला, “मम्मी, आज ‘ट्रूथ अँड रिकन्सिलिएशन’चा दिवस होता. मग कुमसार कोण करणार?”

हा दिवस कॅनडातल्या निवासी शाळांत ठेवलेल्या आदिवासी मुलांच्या स्मरणाचा. हे पत्र मुलीच्या त्या प्रश्नासाठी आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे येईलच. आधी मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या भागात वसईची, मुंबईची, गोव्याची बरीच मराठी जाणणारी कॅथलिक कुटुंबं आहेत, आणि रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, कॉफी पिताना ती मला विचारतात, “आपला काय संबंध? आपण तर कालचे आलेले.” आपल्याइतकंच हे पत्र त्यांनाही आहे.

शाळेने त्या दिवशी घरी पाठवलेलं पत्रक मी दोनदा वाचलं. मुलांना निवासी शाळांमध्ये पाठवण्यात आलं. त्यांना स्वतःची भाषा बोलण्यास मनाई करण्यात आली. अनेक मुलं परत आली नाहीत. सगळं ‘करण्यात आलं’. सरकार एका वाक्यात होतं, चर्च एकाही नाही. वर्गावर्गात क्रूस लावलेल्या शाळेचं हे पत्रक. माझ्या आजीने या पत्रकाला जेवायला वाढलं नसतं.

कॅनडातल्या निवासी शाळांची व्यवस्था १८८० च्या दशकात पसरू लागली आणि शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट या आदिवासी समाजांची दीड लाखांवर मुलं त्यांत ठेवली गेली. पैसा आणि कायदा केंद्र सरकारचा, चालवणारी चर्चेस. त्यातल्या जवळजवळ ६० टक्के शाळा कॅथलिक संस्थांच्या हातात होत्या. नारिंगी शर्टाची गोष्ट मुलांना पाठ आहे: फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांची, आजीने घेऊन दिलेला नवा शर्ट, शाळेत पहिल्याच दिवशी तो काढून घेतला. साल १९७३. ती शाळा कोणती, हे मात्र माझ्या मुलीला ठाऊक नव्हतं. ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळची सेंट जोसेफ्स मिशन. नाव ऐकून ती थबकली. “आपला सेंट जोसेफ?” हो, आपलाच.

तिच्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. त्यांना भेटून विचारलं तेव्हा त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, समाजशास्त्राच्या तासाला निवासी शाळा शिकवायच्या असतात, धर्माच्या तासाला येशू आणि क्षमा. या दोन तासांच्या मध्ये काय बोलायचं, हे त्यांना कोणी लिहून दिलेलं नाही.

महोदय, ते लिहून देण्याचं काम आपलं आहे, असं निवासी शाळांची चौकशी करणारा सत्य आणि सलोखा (‘ट्रूथ अँड रिकन्सिलिएशन’) आयोग म्हणतो. आयोगाने २०१५ मध्ये ९४ आवाहनं केली. शाळांच्या संदर्भात बहुतेकांना ६२ वं माहीत असतं: बालवाडीपासून बारावीपर्यंत निवासी शाळा आणि आदिवासींशी झालेले करार सक्तीने शिकवा. ६४ व्याबद्दल मी कुठल्याच पालकसभेत चकार शब्द ऐकलेला नाही. ते सरळ आपल्यासारख्या सरकारांना उद्देशून आहे. धार्मिक शाळांना सार्वजनिक पैसा देणाऱ्या प्रत्येक सरकारने त्या शाळांना तौलनिक धर्मशिक्षण बंधनकारक करावं, त्यात आदिवासी श्रद्धा आणि विधी यांचा भाग असावा, आणि तो भाग आदिवासी ज्येष्ठांच्या सहकार्याने तयार केलेला असावा, असं त्याचं सांगणं आहे. बिशपांना उद्देशून दुसरी आवाहनं आहेत. हे पैसे देणाऱ्याला उद्देशून आहे.

आणि आपण पैसे देता. १८६७ च्या घटनाकायद्याच्या ९३ व्या कलमाने इथल्या कॅथलिक शाळांना संरक्षण मिळालं, १९८० च्या दशकात वरच्या इयत्तांनाही पूर्ण अनुदान लागू झालं. ज्यू, मुस्लिम, शीख, हिंदू शाळांना ते नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९९ मध्ये याला भेदभाव म्हटलं, तरी काही बदललं नाही. मी तक्रार करत नाही, मी लाभार्थी आहे. मुलीच्या प्रवेशासाठी मी तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला दिला, त्यावर वसईच्या चर्चचा शिक्का आहे. म्हणून मिस्सानंतरच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर हे: ज्या कागदावर आपल्याला ही शाळा मिळाली, तो याच चर्चने दिलेला आहे. वाडवडिलांच्या घरात राहायचं आणि घरावरचं कर्ज शेजाऱ्याचं म्हणायचं, हे आपल्या गावात तरी कोणी चालवून घेत नाही.

कोणी म्हणेल, धर्माचा अभ्यासक्रम बिशप ठरवतात, मंत्र्यांनी त्यात पडू नये. हे मला कळतं. पण आयोग आपल्याला कॅथलिक धर्मशिक्षण बदलायला सांगत नाही, त्याच्या जोडीला काहीतरी बसवायला सांगतो. अनेक कॅथलिक हायस्कुलांत अकरावीला जगातले धर्म हा विषय असतोच. अकरावीला मुलगी सोळा वर्षांची होईल. प्रश्न आठव्या वर्षी विचारला आहे.

आमच्या पोरांच्या शाळेचं जग तसं छान आहे, हेही सांगितलं पाहिजे. थँक्सगिव्हिंगला डबाबंद धान्य गोळा होतं, आगमनकाळात चार मेणबत्त्यांचं चक्र लागतं, एखाद्या घरात मयत झाली तर पालक आठवडाभर आळीपाळीने डबे पोचवतात. वसईतल्या आळीसारखंच. शाळा, घर आणि चर्च यांचं हे त्रिकूट ज्याने अनुभवलं आहे त्याला कळेल की सार्वजनिक शाळेपेक्षा हे शिकवणं इथे सोपं आहे. आमच्या मुलांना दुसरीतच ठाऊक असतं की कबुलीशिवाय क्षमा नाही, आणि कबुलीनंतरही प्रायश्चित्त उरतं. हा शब्दसंग्रह आहे, फक्त तो आपल्याच चर्चला लावून बघायला कोणी सांगत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २५ जुलै २०२२ रोजी अल्बर्टातल्या मास्क्वासीस इथे क्षमा मागितली. आमच्या धर्मग्रामात अनेकांचे डोळे भरून आले, माझेही. पण आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर यांनी तेव्हाच बोट ठेवलं होतं की त्या क्षमायाचनेत पुष्कळ ख्रिस्ती व्यक्तींच्या दुष्कृत्यांचा उल्लेख आहे, संस्था म्हणून चर्चच्या वाट्याचा नाही. पुन्हा तेच, तुटली की तोडली. आणि प्रायश्चित्ताचं म्हणाल तर निवासी शाळांतून वाचलेल्यांशी झालेल्या २००६ च्या समझोत्यात कॅथलिक संस्थांनी ‘शक्य तितके प्रयत्न’ करून अडीच कोटी डॉलर उभे करायचं कबूल केलं होतं. चाळीस लाखही जमले नाहीत. २०२१ मध्ये बिशपांनी नव्याने तीन कोटींचा शब्द दिला.

दर उन्हाळ्यात आमच्या लोकांची बस मिडलंडच्या हुतात्म्यांच्या तीर्थाला जाते. गोव्याचे, वसईचे, तमीळ, फिलिपिनो, सगळे तिथे जातात. १६४९ मध्ये मारल्या गेलेल्या जेझुइट संघाच्या पाद्रींचं ते स्थान. ब्रेबफ आणि गार्निये ही त्यांच्यातली दोन नावं, इथल्या कित्येक कॅथलिक शाळांच्या पाट्यांवर आहेत. रस्त्याच्या एका बाजूला चर्चचं तीर्थ, दुसऱ्या बाजूला ‘सेंट मेरी अमंग द ह्युरॉन्स’ हे उभारलेलं जुनं मिशन, जे आपलंच प्रांतिक सरकार चालवतं. शाळांच्या सहली तिथे जातात. त्या सहलीत ब्रेबफ कसे मेले हे सविस्तर सांगतात. ओंटारियोतल्याच स्पॅनिश नावाच्या गावात जेझुइटांनी १९५८ पर्यंत मुलांची निवासी शाळा चालवली आणि तिला गार्निये यांचं नाव दिलं, हे माझ्या माहितीतल्या एकाही मुलाला त्या सहलीत कळलेलं नाही. उत्तरेला फोर्ट ऑल्बनीची सेंट ॲन्स शाळा होती, तीही कॅथलिक. तिथे मुलांना शिक्षा म्हणून घरगुती बनावटीच्या विजेच्या खुर्चीत बसवत, हे प्रांतिक पोलिसांच्या १९९० च्या दशकातल्या तपासात पुढे आलं. हे आठ वर्षांच्या मुलीला सांगायचं नाही, मान्य. तिच्या शिक्षिकेला मात्र माहीत हवं.

ब्रेबफ वेन्डाट, म्हणजे ह्युरॉन, या आदिवासी लोकांची भाषा शिकले, तिचं व्याकरण आणि शब्द त्यांनी टिपले. नाताळच्या कार्यक्रमात आमची मुलं जे ह्युरॉन गीत गातात, ते मूळ वेन्डाट भाषेत त्यांनीच रचलं असं मानतात. मुलं गातात ते इंग्रजी शब्द १९२६ चे, मूळ गीताचा तो अनुवादही नव्हे, आणि त्यात देवाला दिलेलं ‘गिची मॅनिटू’ हे नाव तर वेन्डाट भाषेतलं नाहीच, शेजारच्या अल्गॉन्क्वियन भाषांतलं आहे. म्हणजे मराठी अभंग म्हणून तमीळ देवाचं नाव घेतल्यासारखं. गाणं बंद करा असं नाही म्हणत. गाण्याआधी पाच मिनिटं एखाद्या वेन्डाट माणसाला बोलू द्या.

मला हे लागतं, कारण त्याच काळाच्या आसपास त्याच जेझुइट संघाचे थॉमस स्टीफन्स हे इंग्रज पाद्री आमच्या किनाऱ्यावर मराठी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून झालं. माझी आजी मराठीतून देवाशी बोलली, याचं थोडं श्रेय असल्या माणसांना आहे. पण दुसरी बाजूही मी मुलांपासून लपवत नाही. गोव्यात हिंदू अनाथ मुलं ख्रिस्ती करून वाढवण्याचं पोर्तुगीज फर्मान १५५९ चं आहे, आणि १६८४ मध्ये तिथल्या व्हाइसरॉयने कोंकणी बोलण्यावर बंदी घातली. आमच्या वसईवर पोर्तुगिजांचं राज्य १५३४ ते १७३९, आमचे पूर्वज त्याच राज्यात ख्रिस्ती झाले. भाषा शिकणारं चर्च आणि भाषा तोडणारं चर्च, दोन्ही आमच्या घरातली आहेत. मुलीला हे सांगितलं तेव्हा तिची श्रद्धा ढासळली नाही. तिने विचारलं, “मग त्या मुलांच्या आजींना कोणती प्रार्थना यायची?” मला उत्तर येत नव्हतं.

६४ वं आवाहन याच उत्तरासाठी आहे. रोज सकाळी शाळेच्या स्पीकरवर राष्ट्रगीत आणि प्रार्थनेसोबत भूमीचं ऋण मानलं जातं: ही मिसिसागाज ऑफ द क्रेडिट या आदिवासी समाजाची करारभूमी. मुलं ते पाढ्यासारखं म्हणतात. १८१८ च्या १९ क्रमांकाच्या करारात ६,४८,००० एकर जमीन गेली, बदल्यात दर वर्षी ५२२ पौंड १० शिलिंगांचा माल. ब्रॅम्प्टन त्याच जमिनीवर उभं आहे. ते लोक १८४७ मध्ये क्रेडिट नदीकाठ सोडून हॅगर्सव्हिलजवळ गेले, आजही तिथे आहेत, इथून गाडीने फार लांब नाही. त्यांच्यातले कोणी ज्येष्ठ धर्माच्या तासाला वर्गात येऊन बसले, वर्षातून एकदा सभागृहातल्या सातशे मुलांसमोर दहा मिनिटं नव्हे, तीस मुलांसमोर महिन्यातून एकदा, तर पाढ्याला माणूस मिळेल. त्यांच्या वेळेचे रास्त पैसे आपल्या अंदाजपत्रकात दिसले पाहिजेत, पालकांच्या पिझ्झा विक्रीतून नव्हेत.

आपल्या सरकारचा हिशेब मी एकतर्फी मांडणार नाही. जुलै २०१८ मध्ये आयोगाच्या आवाहनांवरचा अभ्यासक्रम लिहिण्याच्या बैठका ऐनवेळी रद्द केल्या, तेही याच पक्षाच्या सरकारने. सप्टेंबर २०२३ पासून पहिली ते तिसरीच्या समाजशास्त्रात निवासी शाळा सक्तीच्या केल्या, तेही याच. त्या बदलामुळेच माझी मुलगी आठव्या वर्षी हा प्रश्न विचारू शकली, म्हणून आभार. आता उरलेला अर्धा भाग धर्माच्या तासात आहे, आणि कॅथलिक शाळा-मंडळांना अनुदान देताना ती अट घालण्याची मागणी आयोगाने ज्यांच्याकडे केली ते आपण आहात.

धाकटा मुलगा पुढच्या वर्षी दुसरीत जाईल. त्याचा पहिला कुमसार उपवासकाळात असेल, वर्गाच्या भिंतीवर कुमसाराच्या त्याच पायऱ्या लागतील. मुलीने आपला प्रश्न वहीच्या कागदावर इंग्रजीत लिहिला आहे, स्पेलिंगच्या दोन चुकांसह. तो सोबत जोडते आहे. उत्तर तिच्या वर्गाच्या नावाने आलं तर शिक्षिका ते वाचून दाखवतील, असं त्यांनी कबूल केलं आहे.

आपली,
एक पालक
ब्रॅम्प्टन, मूळ गाव वसई