विषय : ९११ दाबला की बाहेर ११ जातो, त्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवला. 'समस्या सोडवली' असा ईमेल त्याआधीच येऊन पडला होता. एवढी तत्परता ९११ च्या, म्हणजे अमेरिकेतल्या आपत्कालीन नंबरच्या, बाबतीत दिसली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

गेल्या अपडेटपासून आमच्या एकाही डेस्क फोनवरून थेट ९११ लागत नाही. बाहेर फोन लावण्यासाठी आधी दाबायचा ९ कापणारा नियम तुम्ही आपत्कालीन नियमाच्या वर नेऊन ठेवलाय. त्यामुळे ९११ मधलाच ९ कापला जातो, ट्रंकवर (बाहेर जाणाऱ्या लाइनवर) ११ जातो आणि पलीकडून ४८४ हा एरर कोड येतो : नंबर अपुरा. ९११ ला न लावता नोंदलेला पत्ता ऐकवणाऱ्या, चाचणीच्या ९३३ चंही तेच, ३३ होऊन जातो. स्थानिक ९११ केंद्राशी त्यांच्या साध्या नंबरवर आधी बोलून घेतलेल्या चाचणीचा ट्रेस (कॉलची तांत्रिक नोंद) तक्रारीच्या तिकिटाला जोडलेला आहे. तो कोणी उघडलेला दिसत नाही.

दुरुस्ती काय करायची तेही तिकिटात लिहिलं होतं. ९११ आणि (आधी ९ दाबला तर) ९९११ हे दोन्ही पॅटर्न सर्वांत वर घ्या. फोनच्या डिजिट मॅपमध्ये (नंबर पूर्ण झाला का, हे फोन ज्यावरून ठरवतो त्या यादीत) ९१ नंतर कुठलाही अंक चालतो, तिथे २ ते ९ एवढेच ठेवा. एरिया कोड ० किंवा १ ने सुरू होतच नाही. नाहीतर ९११ दाबूनही फोन पुढच्या अंकांची वाट बघत बसतो.

यावर उत्तर काय मिळालं? "कर्मचाऱ्यांना आधी ९ दाबायला सांगा." बाहेरून आलेल्या माणसाने काय करायचं, असं विचारलं. "फोनवर स्टिकर लावा, डिझाइन आम्ही पाठवतो." रंग कोणता हवा, हेही विचारलं! जमिनीवर कोसळलेल्या माणसाने आधी चष्मा शोधून स्टिकर वाचायचा का? वरिष्ठांकडे द्या म्हटलं, तर वरिष्ठ म्हणाले, "याची फीचर रिक्वेस्ट, म्हणजे नव्या सोयीची मागणी, म्हणून नोंद करतो."

ही फीचर रिक्वेस्ट नाही, कायदा आहे. २०१३ मध्ये टेक्सासातल्या मार्शल इथे मोटेलच्या खोलीत कॅरी हंट यांच्यावर हल्ला झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ लावला. लागला नाही, कारण आधी ९ दाबावा लागायचा. ९११ थेट लागलाच पाहिजे, असं सांगणारा 'कॅरीज लॉ' त्यातूनच आला आणि १६ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. तुमचा स्टिकर आम्हाला नेमका त्या खोलीत परत नेतो.

"डायल प्लॅन (नंबर लावण्याचे नियम) ही ग्राहकाची जबाबदारी" हे तुमचं वाक्यही पुरे झालं. यंत्रणा विकणाऱ्यावर वेगळं बंधन आहे, बसवणाऱ्या-चालवणाऱ्यावर वेगळं. आणि नियमांचा तो क्रम आम्हाला बदलता येत नाही, पोर्टलवर कुलूप तुमचंच आहे.

आता पत्ता. ९ लावून ९३३ केला की इमारतीचा पत्ता ऐकू येतो, मजला गायब. चार मजल्यांवर शोधत फिरायचं का रुग्णवाहिकेच्या लोकांनी? 'रे बॉम्स ॲक्ट'नुसार एका जागी असलेल्या फोनसाठी मजला-खोलीसह पत्ता ६ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. शिवाय कॉलबॅक नंबर (केंद्राने परत फोन करायचा नंबर) म्हणून कंपनीचा मुख्य नंबर जातो. कॉल तुटला आणि केंद्राने परत फोन लावला, तर त्यांना 'विक्रीसाठी १ दाबा' ऐकू येणार. प्रत्येक एक्स्टेंशनला थेट पोहोचणारा नंबर जायला हवा.

सूचनेचं तर विचारूच नका. ९११ लावल्याची सूचना रिसेप्शन आणि सुरक्षा कक्षाला त्याच क्षणी मिळायला हवी : कॉल झाला, कॉलबॅक नंबर, जागा. तुम्ही ती बिलांच्या ईमेलवर वळवली आहे. तो ईमेल रात्री कोण बघणार?

आणि पुन्हा सांगतो, स्टिकर नको.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नियमांचा क्रम बदलून ९११ ची चाचणी आमच्यासोबत करा आणि बदलाचा लेखी तपशील द्या. नाहीतर ट्रेस आणि सपोर्टची लेखी उत्तरं एफसीसीकडे (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाकडे) जातील आणि आमचे सगळे नंबर तेच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट होतील. थकबाकी दाखवून पोर्टिंग अडवता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. निदान तेवढं तरी.

दूरध्वनी यंत्रणा प्रमुख